कीबोर्ड रुसला? आधी दिवे बघा!

कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर ओळ आली, 'कीबोर्ड नॉट फाउंड, प्रेस एफ-वन टू कंटिन्यू'. कीबोर्ड सापडत नाही म्हणतो, आणि वर त्याच्यावरचंच बटण दाबा म्हणतो! हॉस्टेलमध्ये यावर हसून झालं की दोन सल्ले हमखास मिळतात : 'नवा कीबोर्ड घे' नाहीतर 'फॉरमॅट मार'. मित्रहो, पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात प्रोजेक्ट. शिवाय विंडोज येण्याआधीच कीबोर्ड बंद असेल तर फॉरमॅट करून उपयोग काय? तेव्हा विंडोज मेमरीत आलेलंच नसतं.

म्हणून एकच प्रश्न विचारा : कीबोर्ड कोणत्या टप्प्यावर थांबतो?

टप्पा १ : पॉवर दाबताच. बायोस सर्वप्रथम 'पोस्ट' नावाची तपासणी करतो. त्या वेळी बहुतेक कीबोर्डवरचे नमलॉक, कॅप्सलॉकचे दिवे क्षणभर लुकलुकतात. दिवे लागलेच नाहीत तर वायर, पोर्ट किंवा कीबोर्ड यांपैकी काहीतरी गेलं. पोर्ट बदला. यूएसबी असेल तर हब किंवा पुढचा पोर्ट सोडून थेट मागे लावा. जुन्या गोल पिनचा पीएस-टू असेल तर जांभळा पोर्ट कीबोर्डचा, हिरवा माउसचा. ही पिन मशीन बंद करूनच काढा-घाला. मग अदलाबदल करा : आपला कीबोर्ड मित्राच्या मशीनला, मित्राचा आपल्याला. दोन मिनिटांत दोषी कोण ते कळतं. एखादी की चहा सांडून चिकटली असेल, तरी पोस्टमध्ये कीबोर्ड एरर येऊ शकते.

टप्पा २ : विंडोजमध्ये चालतो, पण सुरुवातीला डिलीट किंवा एफ-टू दाबून सेटअप उघडत नाही. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आहे. बायोसमधलं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' बंद असेल, नाहीतर 'फास्ट बूट'मुळे यूएसबीची तपासणी गाळली जात असेल. पण कीबोर्डशिवाय बायोसमध्ये जायचं कसं? पीएस-टू पोर्ट असेल तर तसला कीबोर्ड उसना आणा. विंडोज ८ किंवा त्यापुढचं असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जा. (मशीन यूईएफआयवर चालत असेल तरच हा पर्याय दिसतो.) ब्लूटूथ कीबोर्डवर या टप्प्यात विसंबू नका, वायरचाच लावा.

टप्पा ३ : बायोसमध्ये चालतो, पुढे मरतो. हा ड्रायव्हरचा घोळ. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नव्हता. म्हणून जुन्या मशीनवर ते टाकताना निळ्या पोर्टमधला कीबोर्ड गप्प बसतो. काळ्या, यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा.

आता एक छुपा गुन्हेगार : मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर-२०३२ सेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोलीचा मेन स्विच बंद, म्हणजे महिनाभर घड्याळ आणि सेटिंग या सेलवरच. सेल उतरला की तारीख मागे जाते, सेटिंग पुसतात आणि दर वेळी 'एफ-वन दाबा' येतं. लोक शिव्या मात्र कीबोर्डला घालतात! वायर काढून, सेल मल्टिमीटरवर मोजा. २.८ च्या खाली असेल तर बदला.

एक सावधगिरी : लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर बायोसमध्ये हात घालण्याआधी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. नाहीतर कीबोर्ड सुधारेल आणि डेटा कुलपात राहील.

हे सगळं कशासाठी? चंद्रपुरात चार पावलांवर दुकान आहे. पण आपल्यातले काहीजण सुट्टीत भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे जातात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढल्यामुळे भामरागडचा संपर्क कितीतरी पावसाळ्यांत तुटला आहे. अशा वेळी शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर अडला, तर गुरुजी गावच्या इंजिनिअरलाच हाक मारणार. तिथे नवा कीबोर्ड मिळणार नाही, फॉरमॅटची सीडीही नाही. तिथे कामाला येईल तो एकच प्रश्न : थांबला नेमका कुठे?