गांवची सामायिक भट्टी : जर्मनींतील एक रीत व आपला ठाणें जिल्हा

सावड म्हणजे काय, हें उल्हास नदीच्या कांठच्या भातकऱ्यास सांगावयास नको. आज आपली लावणी, उद्यां शेजाऱ्याची. बैल त्याचे, माणसें आपलीं. परंतु सावडीनें पीक हातीं आलें तरी त्याचा टिकाऊ माल करण्याचें पुढचें काम आपण एकेकटे करतों, किंवा परक्याच्या हवालीं करतों. जर्मनी देशांतील कांहीं गांवांनीं हें पुढचें कामही सावडीनें चालविलें आहे. तें बीअर या पेयाच्या बाबतींत चालतें म्हणून वाचकांनीं नाक मुरडूं नये. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे, व घरीं दारू करण्याचा उपदेश येथें नाहीं. पाहावयाचें आहे तें व्यवस्थेकडे.

बव्हेरियाच्या पूर्व भागांत, चेक देशाच्या सीमेलगत, ओबरफाल्झ नांवाचा प्रदेश आहे. त्यांतील विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्केनबर्ग व एस्लार्न या पांच ठिकाणीं ‘झॉइगल’ नांवाची बीअर होते. गांवांत सामायिक मालकीचें एक भट्टीघर असतें. बीअर करण्याचा हक्क माणसास नसून घरास असतो. जमिनीच्या दप्तरांत तो त्या घरावर नोंदलेला असून घर विकलें कीं हक्कही त्याबरोबर जातो. ज्याची पाळी असेल तो मोड आणून वाळविलेले सातू व हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घेऊन येतो, आणि लांकडाच्या जाळावर मोठ्या कढईंत रस कढवितो. हा रस उथळ, पसरट भांड्यांत रात्रभर निवूं देतात व दुसरे दिवशीं ज्याच्या त्याच्या तळघरांत नेतात. तेथें विरजण घातलें म्हणजे सुमारें दहा दिवस तो आंबतो व मग कांहीं आठवडे थंडाव्यांत मुरतो. कढईच्या प्रत्येक वापराबद्दल ठराविक पट्टी द्यावी लागते. तींतून भट्टीघराची डागडुजी होते.

कढई एक असली तरी प्रत्येक तळघराची चव निराळी उतरते, व गिऱ्हाईक त्या चवीसाठींच घर निवडतें. माल तयार झाला कीं घरावर सहा कोनांची चांदणी टांगतात. तिचा एक त्रिकोण अग्नि, जल व वायु यांचा, तर दुसरा पाणी, सातू व हॉप यांचा, असा अर्थ लावतात. कोणत्या घरीं कोणत्या आठवड्यास बैठक, हें आधीं ठरवून प्रसिद्ध केलेलें असतें. बहुधा शुक्रवार ते सोमवार. चार मित्र मिळून गेले तर त्यांस स्वतंत्र मेज मिळेलच असें नाहीं. लांब बांकावर अनोळखी माणसांस सरकवून बसावयाचें, आणि घरच्या मंडळींनीं आणून दिलेली भाकर, चीज, मांसाचे गार पदार्थ खावयाचे. पिढ्यान् पिढ्या शेजारीं राहणारे लोक येथेंच पिकाच्या व भावाच्या गोष्टी बोलतात. २०१८ सालीं ही रीत जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत दाखल झाली.

तथापि सगळें गोड आहे असें नव्हे. पूर्वीं अशीं भट्टीघरें त्या प्रदेशांत पुष्कळ होतीं. कारखान्याची बीअर आली व बहुतेक बंद पडलीं. उरलेल्या गांवींही हक्क असलेल्या घरांपैकीं थोडींच घरें आज कढई पेटवितात. जीं टिकलीं तीं आपल्याच उंबरठ्यावर विकतात, मध्यें दलाल नाहीं, म्हणून टिकलीं असें माझें मत आहे.

आपल्या जिल्ह्यांत गोष्ट उलट घडली. ताडी तर झाडावरच्या मडक्यांतच आंबूं लागते व लौकर आंबट होते, म्हणून तिला सामायिक कढईची गरज कधींच नव्हती. मोहाची गोष्ट निराळी. फुलें वेंचून वाळवून ठेवतां येत, व तीं खाण्याच्या व गुरांच्याही उपयोगाचीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून व झाडपट्टी भरल्यावांचून ताड छेदणें गुन्हा ठरला. घरगुती भट्ट्या बंद होऊन दारू गाळण्याचें काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलें. १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. जर्मनींत हक्क घराच्या नांवें लिहिला गेला, येथें मक्तेदाराच्या. झाड आपलें, फूल आपलें, आणि त्याचा माल करण्याचा अधिकार मात्र लिलांवांत घेणाऱ्याचा!

हें जुनें उगाळण्याचें कारण बदलापूरचें जांभूळ होय. दुसऱ्या महायुद्धांतल्या कल्याणच्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें, अंबरनाथास कारखाने वाढले, आणि आतां बदलापूरच्या बाजूचींही शेतें इमारतींखालीं जात आहेत. उरलेल्या झाडांचीं फळें थोड्या दिवसांत एकदम पिकतात, टिकत नाहींत. सकाळीं व्यापारी सांगेल तो भाव. रस काढून शिजविण्याची एक कढई व एक शीतगृह दहाबारा बागाइतदारांनीं सामायिक घेतल्यास हा नाइलाज पुष्कळ कमी होईल. हा साधा रस असल्यामुळें दारूबंदीचा प्रश्न येत नाहीं. अन्नपदार्थांचा रीतसर परवाना मात्र काढावा.

परंतु ओबरफाल्झची पाळी जशीच्या तशी येथें चालणार नाहीं. सातू महिनाभर वाट पाहतील, जांभूळ एक दिवसही पाहणार नाहीं. म्हणून पाळी तारखेची न ठेवतां वजनाची ठेवावी. सकाळीं प्रत्येकाचीं फळें तोलून वहींत मांडावीं, रस एकत्र करावा, आणि पट्टी व उत्पन्न दोन्हीं त्या वजनावर वांटावीं. वाटा झाडाच्या मालकीशीं बांधावा, म्हणजे जमीन विकून गेलेल्याचें नांव वहींत रेंगाळत राहणार नाहीं. भांडीं गंज न चढणाऱ्या पोलादाचींच घ्यावीं. साध्या लोखंडांत जांभळाचा तुरटपणा उतरून रस काळवंडतो.