पायांना झेपेल एवढा प्रश्न

दरवर्षी पोळा जवळ आला की तिसऱ्या वर्षाची मुलं प्रकल्पाचा विषय घेऊन येतात. मी मराठी शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या पट्ट्यातली असतात आणि अनेकांच्या घरातून कॉलेजात आलेलं ते पहिलंच माणूस असतं. 2020च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र प्रकल्पाला महत्त्व आलं, पण आमच्याकडे मुलं त्याआधीपासून ‘लेखन’ या विषयावर छोटे प्रकल्प करत आली आहेत. त्यांच्याबरोबर हिंडताना मी जे शिकले, ते इथे मांडते.

1. विषय वेगळा, प्रश्न वेगळा.

सुरुवातीच्या एका वर्षी एका मुलीनं ‘मोडी लिपीचा इतिहास’ हा विषय आणला आणि मी होकार दिला. मार्चमध्ये तिच्याकडे ऐंशी पानं होती, पण त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. ती चूक माझी होती. मोडीचा प्रसार देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांचा प्रधान हेमाडपंत यानं केला असं परंपरा मानते, त्यामुळे विषय आमच्या दारातला होता. पण दारातला विषयसुद्धा सातशे वर्षांचा असला की एका मुलीच्या एका वर्षात मावत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला मी आधी विचारलं, “तुझ्या घरात मोडीतला एखादा कागद आहे का?” पणजोबांच्या पेटीत जमिनीचे सात कागद निघाले. तिचा प्रश्न ठरला: हे कागद घरात शेवटचे कोणी वाचले आणि त्यानंतर ते का जपून ठेवले? त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते तिला तीन घरं फिरून मिळवावं लागलं. तेव्हापासून मी एकच कसोटी लावते. प्रश्न आपल्या पायांना झेपेल एवढा असावा.

2. आधी चालून या, मग आराखडा लिहा.

आराखडा टेबलावर बसून लिहिला की तो सगळ्यांचा सारखाच होतो. म्हणून पहिल्या रविवारी मी मुलांना दौलताबादच्या किल्ल्यावर नेते आणि एकच काम देते: दिसेल ते प्रत्येक अक्षर वहीत टिपा. चाँद मिनारवरचा फारसी लेख, मेंढा तोफेवर कोरलेली अक्षरं, पुरातत्त्व खात्याचे फलक, खाली सीताफळवाल्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलेले भाव आणि भिंतींवर पर्यटकांनी ओरखडलेली नावं, सगळं एका वहीत येतं. ओरखडलेली नावं पाहून मुलं चिडतात. संरक्षित वास्तूवर असं कोरणं 1958च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही त्यांना तिथेच कळतं. पण टिपायचं तेही. एका मुलानं त्या वहीतून पाट्यांचा धागा पकडला. ब्रशनं पाटी रंगवणारे पेंटर फ्लेक्स आल्यावर कुठे गेले, हा त्याचा प्रश्न झाला. तो घरी बसून सुचला नसता.

3. कागदालाही विचारा.

लेखनाचा अभ्यास करणारी मुलं मजकूर पाहतात, कागद पाहत नाहीत. मीही पाहत नसे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारी घराणी आली आणि हे गाव वसलं, असं गावातली माणसं सांगतात. दौलताबादी कागद पुढे मराठी दप्तरांतही वापरात होता. तिथे एका वयस्क कारागिरानं मुलांना हौदापाशी नेलं. चिंध्यांचा लगदा पाण्यात ढवळला, चाळणी बुडवून उचलली आणि तिच्यावर एक ताव धरला. मग वाळलेला ताव हातात देऊन ते म्हणाले, “बेटा, यावर शाईनं लिहून बघा.” शाई पसरली. नंतर दगडानं घोटलेला ताव दिला. त्यावर रेघ स्वच्छ उमटली. बोरूनं मोडी भरभर लिहिता येत होती, ती अशा कागदामुळेही, हे मुलांना त्या क्षणी कळलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक आराखड्यात एक रकाना असतो: कशावर लिहिलं, कशानं लिहिलं, कोणाच्या पैशानं लिहिलं. आता पाटी असो वा मोबाइलवरचा संदेश, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

4. ऐकलेलं उतरवण्याची रीत आपल्याच मातीत आहे.

मुलाखत कशी घ्यावी, हे शिकवायला मला म्हाइंभटांहून चांगला गुरू मिळालेला नाही. तेराव्या शतकात, याच यादवांच्या राज्यात, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून, विचारून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ऐकलेलं ते स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेत. मूळ पोथी पुढे हरवली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून पुन्हा लिहिली. जिथे आठवणी जुळल्या नाहीत, तिथे कोणाची आठवण काय आहे हे महानुभावांनी नोंदवून ठेवलं. दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर त्यातली एक पुसू नका, दोन्ही सांगणाऱ्यासकट लिहा, हा नियम मी तिथून घेतला.

दुसरा नियम खुलताबादला मिळाला. अमीर हसन सिज्झी यांची कबर तिथे आहे. दिल्लीत सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत जे बोलणं होई, ते त्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात उतरवलं. जे शब्द नीट आठवले नाहीत, तिथे त्यांनी जागा कोरी सोडली होती. पुढे लिहिलेलं औलियांना दाखवलं, तेव्हा त्यांनीच त्या जागा भरून दिल्या. आठवत नसेल तिथे आपल्या मनचं घालू नका, जागा सोडा आणि लिहिलेलं बोलणाऱ्याला दाखवा. आमची मुलं आजही टिपणवहीत अशा जागा सोडतात आणि दुसऱ्या भेटीत भरून आणतात.

5. एका पैची चूकही शोधा.

जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. पैठणचे एकनाथ लहानपणी त्यांच्यापाशी आले. हिशेबात एका पैचा फरक लागेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि तो सापडला तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, ही आख्यायिका इथल्या प्रत्येकाला माहीत असते. त्याच नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तारीख, आडनाव, गावाचं नाव दोनदा ताडून पाहायला मुलं कंटाळतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते की हे काम याच किल्ल्यावर शिकवलं गेलं.

6. पेटी घरच्यांची असते.

जुनी पत्रं, वह्या, जमिनीचे कागद ही लोकांची खासगी वस्तू आहे. एकदा एका विद्यार्थ्यानं घरच्यांना न विचारता एका पत्राचा फोटो अहवालात छापला. पत्रात भावाभावांतल्या वादाचा उल्लेख होता. त्या घरानं आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही, आणि ते त्यांचं बरोबर होतं. आता आधी लेखी होकार घेतो, नावं बदलतो आणि छापण्यापूर्वी पानं दाखवतो.

7. कामाचं पंचांग गावाकडे पाहून करा.

कापूस वेचणीच्या दिवसांत बायका मुलाखतीला बसू शकत नाहीत. उरुसाच्या दिवसांत खुलताबादला कोणाला सवड नसते. म्हणून पावसाळ्यात प्रश्न ठरवा, दिवाळीच्या सुट्टीत माणसं घरी असतात तेव्हा भेटा आणि संक्रांतीआधी पहिला खर्डा पूर्ण करा. आणि रोज थोडं लिहा. लेखनावर प्रकल्प करणाऱ्यानं लेखन शेवटच्या आठवड्यावर ढकललं, तर त्याला लेखनाबद्दल काहीच कळलं नाही असं मी मानते.

8. अहवाल परत द्या.

एक प्रत कॉलेजात, एक ज्यांनी माहिती दिली त्यांच्या घरी. कागजीपुऱ्यात प्रत द्यायला गेलो, तेव्हा त्या कारागिरानं आधी कागद बोटानं चाचपला, मग वाचायला घेतला.

तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनो, विषय शोधायला लांब जाऊ नका. आज घरी गेल्यावर सगळ्यांत जुनं लिहिलेलं काय आहे ते विचारा. जे मिळेल ते हलक्या हातानं उघडा, कोणी लिहिलं ते विचारा आणि ऐकलेलं त्याच रात्री वहीत उतरवा. तुमचा प्रकल्प तिथूनच सुरू होतो.