सुटलेली नेमबाजी पुन्हा धरताना

शिरूर आणि दौंड तालुक्यांना बंदूक नवखी नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हाताळलेले कित्येक जण आज पन्नाशीला टेकले आहेत आणि पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, ग्रामीण भागाच्या आठवणीतून अजून गेलेली नाही. या ओळखीमुळेच मोठ्या खंडानंतर छंद म्हणून नेमबाजीकडे वळणाऱ्याला एकदा बसलेला हात मोडत नाही असे वाटते, आणि फसगत होते ती तेथेच. कारण नेम जुळल्याचा क्षण डोळ्याला पूर्वीइतकाच चटकन कळतो, पण तो क्षण धरून ठेवणारी पाठ आणि खांदे मात्र तयार नसतात, त्यामुळे माणूस चाप दाबण्याऐवजी हिसकतो.

शरीराच्या आधी कागद पाहावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली असली, तरी सर्वसाधारण परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणून जुना परवाना नूतनीकृत आहे का आणि त्याला राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक मिळाला आहे का, याची जिल्हाधिकारी कार्यालयात खातरजमा झाल्याखेरीज वडिलोपार्जित बंदूक बाहेर काढणे म्हणजे आपण होऊन गुन्हा ओढवून घेणे होय. पीकसंरक्षणाचा परवाना नेमबाजीच्या सरावासाठी नसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर माळावरच्या चिंकाऱ्यावर किंवा उसातल्या बिबट्यावर हौसेने नेम धरण्याचा प्रश्नच उरलेला नाही. परतणाऱ्याने ४.५ मिलिमीटरची हवाई रायफल धरावी हे बरे, कारण २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या अशा रायफलीला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही.

माळ्यावरची रायफल जुनी असेल, तर ती दाबलेल्या हवेची की स्प्रिंगची, हे आधी पाहावे. दाबलेल्या हवेच्या रायफलीतले सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरले जाते आणि स्पर्धांच्या नियमांत त्याचे आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षे धरले आहे. तारीख उलटलेले सिलिंडर वरून कितीही लखलखीत दिसले तरी भरू नये. स्प्रिंगच्या रायफलीचा धोका वेगळा आहे: छर्रा न घालता चाप ओढल्यास दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही, तो थेट आपटतो आणि त्याचे सील फाटते. त्यामुळे कोरा सराव, म्हणजे छर्र्याविना नेम धरून चाप दाबण्याचा सराव, तशी सोय असलेल्या रायफलीवरच करावा.

हा कोरा सराव या भागातल्यांना टाळता येण्याजोगा नाही, कारण म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलातली रेंज पुण्याच्या पश्चिम टोकाला आहे आणि शिरूरहून किंवा दौंडहून तिथे जायचे तर सगळे शहर ओलांडावे लागते. नेमबाज राही सरनोबत यांनी कोपराच्या दुखापतीतून सावरून २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकले, हे उदाहरण येथे उमेद देते, पण मोजमाप म्हणून ते निरुपयोगी आहे; त्यांच्या पाठीशी प्रशिक्षक आणि रोजची रेंज होती.

चाळिशी लागलेल्या डोळ्याला माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा दर्शक, धूसर दिसू लागते. त्यावर घरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा चालत नाही, कारण मान किंचित हलली की त्याची शक्ती बदलते. नेत्रतज्ज्ञाला माशीचे डोळ्यापासूनचे अंतर मोजून सांगावे आणि माशी स्वच्छ, लक्ष्य किंचित पुसट, अशी काच मागावी.

जुन्या गुणांची वही मात्र उघडूच नये. पूर्वी हवाई रायफलीचे ६० नेम ६०० गुणांचे असत, आता दशांशाने मोजल्यामुळे एका नेमाला १०.९ आणि एकूण ६५४ गुण मिळू शकतात, तेव्हा दोन्ही आकड्यांची तुलना मुळातच चुकीची ठरते. सुरुवातीचे आठवडे लक्ष्याचा कागद उलटा लावून कोऱ्या पांढऱ्या बाजूवर छर्रे टाकावेत आणि ते किती जवळजवळ पडतात एवढेच पाहावे. त्यांचा पुंजका दाट होईपर्यंत काळे वर्तुळ समोर आणण्याची घाई करू नये.