लग्न झालं की डोकं ताळ्यावर येतं?

प्रश्न : आमच्या गावात तिशी उलटली तरी लग्न न जमलेली बरीच मुलं आहेत. 'लैंगिक उपासमारीमुळेच बलात्कार, खून होतात, वेळेत लग्नं लागली तर गुन्हे थांबतील,' असं पारावर सर्रास बोललं जातं. यात तथ्य किती? – एक वाचक, ता. माढा

उत्तर : वासना कुकरमधल्या वाफेसारखी साठत जाते आणि शिट्टी झाली नाही तर स्फोट होतो, ही समजूत पटायला फार सोपी. पण प्रत्यक्ष गुन्हेगार तपासले की ती लंगडी पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रोथ यांनी पाचशेहून अधिक लैंगिक गुन्हेगारांचा अभ्यास करून १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांतले सुमारे एक तृतीयांश गुन्ह्याच्या काळात विवाहित होते, बायकोशी त्यांचे शरीरसंबंधही चालू होते. उपासमार कसली? ग्रोथ यांना दिसला तो राग आणि दुसऱ्याला नमवण्याची हाव. आपल्याकडेही, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो; वाटेत गाठणारा उपाशी अनोळखी तिथे क्वचितच असतो. तेव्हा 'दोनाचे चार हात करा, सुधारेल' हा पारावरचा सल्ला मला तरी भयंकर वाटतो. कुणाची तरी लेक त्यात औषध म्हणून वापरली जाते.

आता दुसरी बाजू. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी भारतातल्या जिल्ह्यांचे आकडे तपासून २००० मध्ये दाखवलं की, जिथे पुरुषांच्या मानाने स्त्रिया कमी, तिथे खून जास्त. गरिबीशी किंवा शहरीकरणाशी खुनांचा तसा ठळक संबंध आढळला नाही. मग अविवाहित तरुणच खून पाडतात का? तसं म्हणता येत नाही. जो समाज मुलगी नको म्हणतो, तोच हाणामारीला मर्दुमकी मानत असेल, तर दोन्ही पिकं एकाच मातीतली ठरतात. चीनमध्ये मुलग्यांचं प्रमाण वाढलं तसे हिंसक गुन्ह्यांबरोबर चोऱ्यामाऱ्याही वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. चोरीने वासना शमत नाही. घर आणि पैसा नसेल तर स्थळ येत नाही, ही तिथली खरी कळ.

मग नकाराचा सूड म्हणून होणाऱ्या हिंसेचं काय? कॅनडातल्या टोरांटोत २०१८ मध्ये एकाने पादचाऱ्यांवर व्हॅन घातली, दहा जण जागीच वा लगोलग गेले. स्त्रियांनी नाकारलेल्या पुरुषांचा हा सूड, असं त्याने पोलिसांना सांगितलं. न्यायाधीश अ‍ॅन मोलॉय यांनी २०२१ च्या निकालात मुख्य हेतू प्रसिद्धीचा असल्याचं म्हटलं आणि निकालपत्रात त्याचं नाव घेणंच टाळलं.

नकार सगळ्यांच्याच वाट्याला येतो. बाईवर आपला हक्कच आहे असं मानणाऱ्याला तो अपमान वाटतो, आणि धोका तिथे असतो. बाकी लग्न रखडलेली मुलं काय करतात, ते तुमच्याच जिल्ह्याने पाहिलंय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून ती जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. त्यांच्या निवेदनात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणे राबवा, अशी मागणी होती.