धुराचा हिशेब

दुकानाची उधारी आपण वहीत लिहितो. उसाचे बिल किती आले, तेही लिहितो. धुराचाही असाच हिशेब मांडता येतो. कसा, ते पाहू.

जळण जळले की कर्बवायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. लाकूड, कोळसा, डिझेल, कशातूनही तो निघतो. तो हवेत साठतो. पृथ्वीवर जणू घोंगडेच पडते. घोंगडे जाड झाले की ऊब वाढते. तापलेली हवा जास्त वाफ धरते. मग पाऊस पडतो तो कोसळतोच. 2019 साली आणि 2021 साली पंचगंगेचा महापूर आपण पाहिला. पुराची कारणे पुष्कळ असतात. पण हवा तापली की असा पाऊस वाढतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

आता वही उघडा.

1 लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2 किलो 300 ग्रॅम कर्बवायू होतो. डिझेलचा होतो 2 किलो 700 ग्रॅम. तेलापेक्षा वजन जास्त कसे? जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, म्हणून.

विहिरीवरची 5 अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे 4 युनिट वीज घेते. राधानगरी धरणाच्या पाण्यावर वीज होते, तिला कोळसा लागत नाही. पण आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशावर होते. तिच्या दर युनिटामागे जवळजवळ 1 किलो कर्बवायू निघतो. म्हणजे तासाला 4 किलो. रात्री मोटर सुरू करून आपण झोपलो. सरी भरून पाणी ओढ्याला गेले. 5 तासांत 20 किलो धूर फुकट झाला! शिवाय जादा पाण्याने जमीन फुटते, क्षारपड होते. शिरोळ तालुक्यात अशा जमिनी पुष्कळ आहेत.

आता पाचट. ऊस वाढताना हवेतला कर्ब घेतो. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते. ते पेटवले की कर्ब परत हवेत जातो. सरीत कुजवले तर त्यातला काही जमिनीत राहतो. माती तपासल्यावर कागद मिळतो ना? त्यात 'सेंद्रिय कर्ब' लिहिलेले असते. तोच हा.

कुणी म्हणेल, "गुरुजी, धूर करतात बडे लोक. आम्हाला कशाला सांगता?" म्हणणे खरे आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे 14 टन कर्बवायू होतो. आपल्या देशात सुमारे 2 टन. ज्याचा खर्च मोठा, त्याने आधी हात आखडावा. पण ओढ्याला गेलेले पाणी आपले आहे. जळालेले खतही आपलेच आहे. ते वाचवायला दुसऱ्याची वाट कशाला पाहायची?

उत्तरे लिहा

1. पाचट पेटवले तर कर्ब कुठे जातो? कुजवले तर कुठे राहतो?
2. 5 अश्वशक्तीची मोटर 3 तास चालली. कर्बवायू किती किलो झाला?
3. तुमच्या घरी महिन्याला पेट्रोल किती लागते? कर्बवायूचा हिशेब मांडा.