सूक्ष्मदर्शकावर विषाणू पाहताना

१. नमुना निष्प्रभ केल्याची नोंद सोबत नसेल, तर नळी उघडायची नाही. कोणाचाही फोन आला तरी नाही. घातक विषाणू बंदिस्त प्रयोगशाळेतच ग्लुटाराल्डिहाइडने निष्प्रभ करतात. आकार टिकतो, लागण करण्याची ताकद जाते. नवख्यांना मी मशिनआधी हा कागद वाचायला शिकवते.

२. खरं कसब हातात आहे. ग्रिड म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी, तीही चिमट्याने कडेलाच धरायची. तिच्यावर नमुन्याचा थेंब ठेवायचा, थोडं थांबून फिल्टर पेपरचं टोक कडेला लावून तो टिपून घ्यायचा, मग युरेनिल अ‍ॅसिटेटचा थेंब. हे रंजकद्रव्य कणाभोवती साचतं, म्हणून काळसर पार्श्वभूमीवर विषाणू उजळ दिसतो. द्रव्य जास्त राहिलं तर विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटे त्यात बुडतात. फार टिपलं गेलं तर काहीच उठून दिसत नाही.

३. दिसलं नाही म्हणून ‘विषाणू नाही’ असं लिहू नये. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख कण असतील तर सापडण्याची आशा. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) शास्त्रज्ञांना केरळमधल्या पहिल्या कोरोना रुग्णाच्या घशातल्या स्रावात अवघे सात कण सापडले. त्यातला ७५ नॅनोमीटरचा एक उत्तम टिकलेला होता. त्यामागची चिकाटी मला फार मोठी वाटते.

४. काटे दिसले की कोरोना, असं नसतं. त्याच वर्षी किडनीच्या पेशींतल्या क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण असलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) विषाणू म्हणून शोधनिबंधांत छापल्या गेल्या. पेशीतला कोरोनाचा कण पटलाच्या पिशवीत असतो. या पुटिका पेशीद्रवात मोकळ्या असतात. म्हणून आधी आजूबाजूला काय आहे ते पाहावं.

५. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र कृष्णधवलच असतं. लाल-हिरवा रंग नंतर भरलेला.

६. आकारावरून कुळ कळतं, नाव नाही. १९७६ मध्ये अटलांटाच्या सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेत फ्रेडरिक मर्फी यांना आफ्रिकेतून आलेल्या नमुन्यात लांब, वळलेले तंतू दिसले, अगदी आधीच माहीत असलेल्या मारबर्ग विषाणूसारखे. हा वेगळा विषाणू, म्हणजे इबोला, हे प्रतिपिंडांच्या चाचणीने ठरलं. आमच्या अहवालातही ‘कोरोनाव्हायरससारखे कण’ एवढंच लिहिलेलं असतं. नेमकी ओळख पीसीआर आणि सिक्वेन्सिंगवाले पटवतात.