आरटीके बेस: शेताचा कोपरा रोज सरकतो कसा?

प्रश्न: पाली (जि. बीड) येथे घराच्या पत्र्यावर आरटीके (उपग्रह संकेतांवरून अचूक मोजणी) पद्धतीचा बेस, म्हणजे एका जागी स्थिर ठेवायचे यंत्र, बसवला आहे. रोव्हर (शेतात फिरवायचे यंत्र) 'फिक्स' दाखवतो, तरी शेताचा तोच कोपरा रोज मीटरभर सरकलेला दिसतो. यंत्र बिघडले का?
– एक शेतकरी, पाली

उत्तर: काळजी करू नका, यंत्र बहुधा ठीक आहे. रोव्हर 'फिक्स' असला की बेसपासूनचे अंतर सेंटिमीटरपर्यंत बरोबर येते. बेस स्वतः नेमका कुठे आहे, याची हमी त्यात नसते. बेस रोज सुरू होताना काही मिनिटांच्या सरासरीने आपली जागा ठरवत असेल, तर ती मीटर-दोन मीटर चुकू शकते आणि सगळे शेत तेवढेच सरकते. म्हणून एकदाच कित्येक तास कच्चा डेटा नोंदवा, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (सतत चालू असणाऱ्या उपग्रह-संदर्भ केंद्रांच्या) डेटाशी जोडून निर्देशांक काढून घ्या आणि तेच कायमचे भरा. अँटेनाची उंची बरोबर भरली आहे ना, तेही पाहा.

पत्रा मात्र सोडाच. त्यावरून परावर्तित होणारे संकेत मोजमाप बिघडवतात. स्लॅबवर, मोकळ्या आकाशाखाली पक्का खांब उभारा. सूर्यास्तानंतर मोजणी टाळा. आपल्या अक्षांशांवर तेव्हा आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अस्थिर असू शकते आणि उपग्रहांचे संकेत बिघडू शकतात. बांधाचा वाद असेल तर या आकड्यांवर विसंबू नका, भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा.